जुन्या मारुतीत बॅटरी, लाईट, इंडिकेटर सगळंच कुरकुरतंय? पार्ट बदलायच्या आधी अर्थिंग तपासा

तुमचा प्रश्न नीट वाचला. वडिलांची २००३ ची मारुती ८००, जुळे सोलापुरात घरासमोर उन्हात उभी असते, दोन दिवस हलवली नाही की तिसऱ्या दिवशी सेल्फ (स्टार्टर) नुसता टक टक करतो, हेडलाईट पिवळट पडते, ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो, आणि इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर हलतो. एका ठिकाणी दाखवलं तर सांगितलं की डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं मशीन) गेला आणि वायरिंग पण अख्खी बदलावी लागेल, दहा-अकरा हजार होतील. तुम्ही विचारताय एवढा खर्च करावा का गाडी विकून टाकावी.

थांबा जरा, दोन्ही नको इतक्यात. मी अक्कलकोट रोडच्या बाजूला गेली चोवीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला तरी डायनॅमो पहिला आठवत नाही, मला आठवतो तो अर्थ, म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारा जोड. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटणं आणि इंडिकेटरबरोबर काटा हलणं ही दोन लक्षणं म्हणजे गाडी स्वतः सांगतीये की माझा परतीचा रस्ता खराब झालाय. बॅटरी उतरणं हा बहुतेक वेगळा फॉल्ट आहे, त्याचं खाली सांगतो.

आधी मुळातली गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला स्वतःलाच सुचत जाईल. बॅटरीच्या प्लसमधनं जेवढा करंट निघतो तेवढाच मायनसला परत यावा लागतो, एक कणभर कमी नाही. जायला वायर असते, त्या वायरला रंग असतो, फ्युज असतो, म्हणून सगळे तिकडंच बघतात. यायला मात्र गाडीची बॉडीच असते, पत्रा, आणि पत्र्याला एका स्क्रूनं दाबलेलं एक थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. वीस वर्षांत तांब्याची वायर आतनं झिजत नाही हो, झिजतात ते जोड. थिंबलखाली गंज, स्क्रूखाली रंगाचा थर, होल्डरमध्ये हिरवा थर चढलेला, कपलरची, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगची, पिन सैल. बल्ब, मोटर, रिले हे लोकांना दिसतं म्हणून ते बदललं जातं, जोड तसाच राहतो आणि महिनाभरात तक्रार परत येते.

हे मी पुस्तकातनं शिकलो नाही. शिकाऊ होतो तेव्हा एका गाडीचा इंडिकेटर मधेच भराभर मारायचा, मधेच बंद पडायचा, मी एकामागनं एक तीन फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) बदलले, गिऱ्हाईकाकडनं तिन्हीचे पैसे घेतले. उस्तादांनी शेवटी मागच्या लाईटचा स्क्रू काढला, थिंबल पॉलिश पेपरनं घासलं, परत आवळलं, झालं. नंतर त्यांनी मला त्या माणसाच्या घरी पाठवून दोन फ्लॅशरचे पैसे परत द्यायला लावले. ते मला अजून टोचतं, आणि म्हणूनच तुम्हाला कळकळीनं सांगतोय की मोजल्याशिवाय काही बदलू नका. तुमच्याकडे डिजिटल मीटर आहे म्हणताय, मग निम्मं काम झालं. त्याच्या जोडीला एक साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि जुना टूथब्रश एवढं घ्या.

सुरुवात बॅटरीपासनं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काही चालू न करता मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा आणि बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टोकं लावा, क्लॅम्पवर नाही, खांबावर. १२.६ किंवा वर असेल तर पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव राहिलीये. मग मीटर तसाच धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, आकडा ९.६ च्या खाली गेला नाही पाहिजे. भरलेली बॅटरी असूनही खाली आठ-साडेआठवर आपटली तर बॅटरीतला एखादा सेल गेलाय, तिथं बाकी काही शोधत बसू नका. पण जर खांबावर ११ व्होल्ट दिसतायत आणि तरी सेल्फ नुसता टक टक करतोय तर मग बॅटरी चांगली आहे, मधला रस्ता खराब आहे. हा फरक लक्षात ठेवा, ह्या एका फरकापायी कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेलेल्या मी बघितल्यात.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल पण सांगतो. सोलापूरला एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, बॉनेटच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त, आणि लेड ॲसिड बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता मारते. दहा डिग्री तापमान कायमचं जास्त राहिलं तर आयुष्य साधारण निम्मं होतं असा ह्या धंद्यातला ठोकताळा आहे. लोकांना वाटतं डिसेंबरात बॅटरी गेली, खरं तर ती मे मध्येच खंगलेली असते, थंडीत फक्त उघडं पडतं. म्हणून गाडी लिंबाखाली नाहीतर शेडमध्ये लावता आली तर बघा, आणि पाणी घालायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी झाकणं उघडून प्लेटा बुडलेल्या आहेत का बघत जा. कमी असेल तर डिस्टिल वॉटरच, बोअरचं किंवा नळाचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि परत निघत नाहीत.

टर्मिनलवर पांढरं-निळसर फुललेलं असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस, आणि लावताना उलटं, प्लस आधी मायनस शेवटी. असं का, तर प्लसचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर सरळ शॉर्ट होऊन ठिणगी उडते, पाना लाल होतो, हात भाजतो. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशनं धुवा, पाणी बॅटरीच्या भोकात जाऊ देऊ नका. कोरडं झालं की खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरनं व्हॅसलिन लावा. आधी व्हॅसलिन लावून मग आवळायचं नाही, मधे थर राहतो.

आता डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर, पण आपल्याकडे सगळे डायनॅमोच म्हणतात. गाडी चालू करून जरा रेस द्या आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या मधे आकडा आला तर चार्जिंग चाललंय. मग हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावा, तरी १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. टिकला तर डायनॅमो गेला असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. १५ च्या वर जात असेल तर कटआऊट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) खराब आहे, बॅटरी उकळते आणि बल्ब पटापट उडतात. लोड टाकल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा ढिला आहे, आधी तो ओढा.

आणि एक हात जोडून विनंती. डायनॅमो बघण्यासाठी चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी पद्धत आहे ना, गाडी बंद पडली तर डायनॅमो खराब, चालू राहिली तर चांगला, ती कृपा करून कुणालाही करू देऊ नका. पूर्वीच्या खऱ्याखुऱ्या डायनॅमोच्या गाड्यांत ते खपून जायचं. तुमच्या गाडीत एमपीएफआयचा (पेट्रोल इंजेक्शनचा) ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर आहे, बॅटरी काढली की व्होल्टेज सांभाळणारं कुणी राहत नाही, क्षणात मोठा झटका बसतो आणि डायोड (डायनॅमोत करंट एकाच दिशेनं सोडणारा पार्ट), कटआऊट, ईसीएम ह्यातलं काहीही उडू शकतं. मीटरनं जे दहा सेकंदात कळतं त्यासाठी एवढा धोका कशाला.

आता अर्थ. इथं घाई करू नका, तुमच्या चारपैकी तीन तक्रारी इथंच सुटायची शक्यता आहे.

बॅटरीच्या मायनसमधनं एक जाड केबल निघते, ती इंजिन किंवा गिअरबॉक्सला जाते, आणि तिथनंच एक बारीक वायर किंवा विणलेली पट्टी बॉडीला. गाडीनुसार जागा बदलते, पण दोन्हीकडचे बोल्ट शोधा. बघून काही कळत नाही, वरनं चांगलं दिसतं. मोजायचं कसं तर मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना ०.२ व्होल्टच्या आत आलं तर केबल चांगली. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर तेवढं व्होल्टेज त्या केबलमध्ये आणि जोडात वाया चाललंय. मग लाल टोक बॉडीच्या पत्र्यावर, रंग खरवडून, आणि हेडलाईट, ब्लोअर, ब्रेकलाईट सगळं लावून ठेवा. इथं ०.१ च्या वर जायला नको. तुमच्या गाडीत इथं मला अर्धा-पाऊण व्होल्ट निघाला तर आश्चर्य वाटणार नाही.

लोक काय करतात, मीटर बझरवर ठेवतात, एक टोक बॉडीला एक मायनसला, पीप वाजलं की म्हणतात अर्थ ओके. ह्यात फसायला होतं. केबलच्या तीस-चाळीस तारांपैकी एकच तार धड राहिली असली तरी बझर वाजतो, कारण मीटर अगदी किरकोळ करंट सोडून बघतो. पण त्या एका तारेतनं हेडलाईटचे नऊ अँपिअर जाणार आहेत का? नाही जाणार, ती तापणार आणि व्होल्टेज खाणार. तीच गोष्ट प्लसच्या बाजूला, बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला तर १२.४ दिसतात, बल्ब बसवला की पेटत नाही, माणूस चक्रावून जातो. म्हणून जे मोजायचं ते लोड चालू ठेवूनच मोजायचं. आमच्या धंद्यातली निम्मी फसगत एवढ्या एका सवयीनं टळते.

खराब निघालं तर बोल्ट काढा, थिंबल आणि पत्रा दोन्ही पांढरे होईपर्यंत घासा, आणि केबलचं इन्सुलेशन थिंबलजवळ थोडं मागं सरकवून बघा, आत काळं किंवा हिरवं पडलं असेल तर ती केबलच बदला. शक्य असेल तर बॅटरी मायनस ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी अशा दोन नव्या वायरी नीट प्रेस केलेल्या थिंबलच्या टाकून घ्या, फार खर्चाचं काम नाही. जुन्या गाडीला ह्याच्याइतकं स्वस्त औषध मला माहीत नाही.

मग मागचा डावा लाईट. डिकी उघडून आतनं कपलर काढता येतो. त्या एका डब्यात टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स असे बल्ब असतात आणि सगळ्यांना मिळून अर्थ एकच. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मेन रस्ता बंद झाला की माणसं बोळाबोळातनं वाट काढतात बघा, तसंच इथं होतं. ब्रेक दाबल्यावर करंट ब्रेकच्या बल्बमधनं आला, अर्थला जायला वाट नाही, मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधनं उलटा शिरतो आणि दुसरीकडच्या अर्थला जाऊन मिळतो. दोन बल्ब एका ओळीत लागले म्हणून दोन्ही मंद. तर बल्ब बदलू नका, होल्डरची अर्थची पिन आणि तिची वायर जिथं पत्र्याला लागलीये तो स्क्रू काढून साफ करा. खात्री करायची असेल तर एक वायर घेऊन होल्डरच्या अर्थच्या पिनेवरनं थेट बॅटरीच्या मायनसला लावा, इंडिकेटर लगेच सुधारला तर निदान पक्कं. आणि हो, मागं ब्रेक-टेलचा डबल फिलामेंटचा २१/५ वॅटचा बल्ब लागतो, त्याच्या खुंट्या वरखाली असतात, काहीजण जबरदस्तीनं उलटा किंवा सिंगलचा बल्ब कोंबतात, त्यानंही हीच लक्षणं दिसतात, तेवढं बघून घ्या.

इंडिकेटर एका बाजूचा भराभर मारत असेल तर ते वेगळं, तिथं एक बल्ब उडालेला असतो किंवा एलईडी टाकलेला असतो, फ्लॅशरला लोड कमी मिळतो.

हेडलाईट. ह्यासाठी मला जास्त कळकळ आहे कारण रात्री तुळजापूरहून किंवा पंढरपूरहून येताना रस्त्यात ऊसाच्या ट्रॉल्या असतात, मागं लाल दिवा नसतो, पिवळट उजेडात ती ट्रॉली दिसेपर्यंत जवळ आलेली असते. बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. म्हणजे बॅटरीवर १२.५ आणि बल्बच्या पिनांवर ११ असेल तर तुम्ही एक तृतीयांश उजेड गमावलात. गाडी चालू ठेवून, लाईट लावून, बल्बच्या मागं कपलरमध्ये टोकं घालून मोजा, बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टच्या वर फरक नसावा. फरक असेल तर तो प्लसच्या बाजूनं जातोय का अर्थच्या, ते वेगवेगळं मोजा. एच ४ प्रकारचे ६०/५५ वॅटचे (हायला ६०, डिमला ५५) दोन बल्ब म्हणजे डिमवर ११० वॅट, साधारण नऊ अँपिअर. ज्या जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधनं फिरून येतो त्यांत स्विचचे पॉईंट जळतात, कपलर तपकिरी पडून वितळतो.

ह्याला उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या चार पिना असतात, ३० ला बॅटरीचा प्लस फ्युज लावून, ८७ मधनं बल्बला, ८५ आणि ८६ म्हणजे कॉईल, तिला स्विचमधनं येणारी जुनी वायर आणि अर्थ. आता स्विचमधनं फक्त कॉईलचा करंट जातो, पाव अँपिअर पण नाही. डिमला एक आणि हायला एक असे दोन रिले, अडीच चौरस मिमीची चांगली तांब्याची वायर, आणि साधे ६०/५५ चेच बल्ब. ह्याच्याऐवजी लोक १३०/१०० चे बल्ब टाकतात, त्यानं करंट जवळपास दुप्पट होतो, होल्डर जळतात, रिफ्लेक्टर काळे पडतात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातं ते वेगळंच. जुन्या वायरीवर तर अजिबात टाकू नका. आणि काच बाहेरनं पिवळी पडली असेल किंवा रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर वायरिंगमध्ये कितीही केलं तरी उजेड येणार नाही, हे पण आधीच बघून घ्या.

आता दोन दिवसांत बॅटरी उतरण्याचं. तुमच्या गाडीला साधारण ३५ एएचची (एक अँपिअर साधारण ३५ तास देईल एवढी) बॅटरी असते. समजा ५ वॅटचा एक छोटा दिवा कुठंतरी चालू राहिला, तो घेतो ०.४ अँपिअर, म्हणजे ४८ तासांत १९ एएच, निम्म्याहून जास्त बॅटरी गेली. बॅटरी जुनी असेल तर तेवढ्यात सेल्फ मान टाकतो. म्हणजे तुमच्याकडे फार मोठा चोर शोधायचा नाहीये, एक छोटाच आहे.

शोधायचं असं. चावी काढा, सगळं बंद, दरवाजे बंद किंवा दरवाजाचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवा. बॅटरीचा मायनस काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, नॉब डीसी अँपिअरवर, आणि एक टोक मायनस खांबावर, दुसरं काढलेल्या केबलवर, म्हणजे करंट मीटरमधनं जायला लागेल. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, हेडलाईट लावू नका, मीटरचा फ्युज जातो. दहा-पंधरा मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या (मीटरवर ०.०५) आत असेल तर ठीक, घड्याळ, गाण्याच्या टेपची मेमरी, ईसीएम एवढं थोडं घेतातच. शंभर, दोनशे, चारशे दिसत असेल तर एकेक फ्युज काढत जा, ज्या फ्युजला आकडा एकदम पडला त्या लाईनवर चोर आहे. आणि मोजून झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नका, अँपिअरच्या भोकात राहून बॅटरीवर मीटर लावला तर थेट शॉर्ट होतो.

माझ्या अनुभवात जुन्या गाडीत चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या वस्तूत असतो. टेप, ॲम्प्लिफायर, सेंट्रल लॉक, अलार्म, मोबाईल चार्जर, मागचा कॅमेरा. टेपची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडलेली असते, मग टेप कधी झोपतच नाही. फ्युज सगळे काढूनही आकडा पडला नाही तर बॅटरीवरनं थेट गेलेल्या वायरी आणि डायनॅमो राहिले. डायनॅमोचा डायोड लीक झाला की गाडी बंद असताना तो बॅटरीतनं उलटा करंट ओढतो, गाडी थंड झाल्यावर दोन-तीन तासांनी डायनॅमोवर हात ठेवा, बाकी इंजिन गार आणि तो कोमट लागला तर शंका घट्ट धरा. नक्की करायला मायनस काढून ठेवून डायनॅमोच्या बी प्लसची (बॅटरीच्या प्लसला जाणारी) जाड वायर सोडा, तिचं टोक चिकटपट्टीनं पूर्ण गुंडाळा, मग मीटर परत लावा. आकडा गेला तर डायोड प्लेट खराब. तेव्हा सुद्धा अख्खा डायनॅमो नको, डायोड प्लेट, कार्बन, बेअरिंग हे सुटं मिळतं आणि दुरुस्त होतं.

फ्युजविषयी थोडक्यात पण मनापासून. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर, रंग लक्षात ठेवा. उडालेल्या १५ च्या जागी ३० चा लावायचा नाही, चांदी गुंडाळायची नाही, तार घालायची नाही. फ्युज हा वायरीला वाचवायला असतो, आणि त्यानं नकार दिला की मग वायर स्वतः फ्युज होते, तीही डॅशखाली गालिच्याच्या मागं, जिथं कुणाला दिसत नाही. माझ्याकडे एक गाडी आली होती तिच्यात टेपच्या लाईनला तार घातलेली, अख्ख्या डॅशची वायरिंग एकमेकांत वितळून चिकटली होती, आत लहान मुलं बसलेली असताना धूर आला होता. सगळे उतरले वेळेत, पण त्या बाईंचा चेहरा मी विसरलो नाही.

अख्खी वायरिंग बदला म्हणणाऱ्याचं ऐकावं का? गाडी जळली असेल, पाण्यात बुडाली असेल किंवा उंदरांनी जागोजागी खाल्ली असेल तर हो. मार्केट यार्डाकडनं एक गाडी यायची, ज्वारीच्या पोत्यांशेजारी लागायची, उंदरांनी इंजिनवरची वायरिंग तीनदा खाल्ली, तिथं बदलण्याशिवाय इलाज नव्हता. बाकी वेळी कंपनीची वायरिंग नव्यानं वळलेल्या वायरिंगपेक्षा चांगली असते, तिला फक्त मधे मधे लावलेले हात काढून टाकावे लागतात. पिळून टेप मारलेला प्रत्येक जोड उघडा, आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो, चिकट काळं होतं. नीट क्रिंप करा किंवा सोल्डर करा आणि वर आकसणारी स्लीव्ह चढवा. स्लीव्ह आधी वायरीत ओवायची, सोल्डर झाल्यावर आठवतं आणि परत तोडावं लागतं.

वायपर मधेच थांबतो, पॉवर विंडो हळू चढते (दुसऱ्या गाडीचं म्हणून विचारलंय तुम्ही), हॉर्न कधी वाजतो कधी नाही, ह्याचं पटकन सांगतो. वायपर कुठंही थांबत असेल तर मोटरमधला पार्किंगचा पॉईंट, आणि जड चालत असेल तर आधी खालच्या लिंकेजला ग्रीस. विंडो हळू असेल तर मोटरच्या आधी काचेचं रबर बघा, वाळून काच आवळून धरतं, सिलिकॉन स्प्रे मारून बघा. हॉर्नला बऱ्याच जुन्या गाड्यांत बटण दाबल्यावर अर्थ मिळतो, तो स्टिअरिंगमधल्या रिंगेतनं येतो, ती रिंग घासलेली असते. पण ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथं स्टिअरिंग उघडायचं नाही आणि पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, ते काम ज्याला येतं त्यालाच द्या.

राहिला पेट्रोलचा काटा. बॉडीचा अर्थ वर सांगितला तसा केलात की तो बहुतेक शांत होईल. नाही झाला तर मीटर क्लस्टरचा (डॅशवरच्या काट्यांच्या डब्याचा) स्वतःचा अर्थ, डॅशखाली पत्र्याला लागलेला असतो, तो स्क्रू काढून घासा. त्यानंतरही हलला तर टाकीवरच्या फ्लोट युनिटची (पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या पार्टची) अर्थची वायर बघायची, पण तिथं गाडी मोकळ्यावर लावा, मायनस आधी काढून ठेवा, टेस्ट लॅम्प किंवा ठिणगी उडेल असं काहीही टाकीजवळ नेऊ नका, फक्त कपलर काढून पिना साफ करून परत बसवा. टाकी उघडायची वेळ आली तर ती घरी करू नका.

येत्या रविवारी आधी मायनस ते इंजिन आणि मायनस ते बॉडी हे दोन आकडे, मग चार्जिंगचा, मग रात्रीचा मिलिअँपिअरचा, असे चार आकडे कागदावर लिहून मला कळवा. डायनॅमोचं काय करायचं ते त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यावर ठरवू.